शेजारची खुर्ची

साहेब, स्वरदाचं लग्न तुम्ही मोडलंत. पत्रिका जुळली नाही म्हणून नव्हे, जात आडवी आली म्हणूनही नव्हे. दिल्लीत एका फाइलीवर तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि विसरलात, म्हणून. काय मोडलंत ते तरी ऐका.

पंच्याण्णव सालची उत्तरेतली थंडी. तेलीबागेकडे जाणारा, माणसांनी कोंबलेला टेम्पो, आणि धुकं असं की समोरचा माणूस खोकला तर ऐकू यावा, पण दिसू नये. शेजारच्या म्हातारीने मान टाकली. स्वरदाने तिचं मनगट धरलं… आणि त्याच मनगटावर पलीकडून आणखी तीन बोटं आली.

"हटिए, मैं डॉक्टर हूँ."

"मैं भी," तो म्हणाला, आणि मग स्वतःशीच, "आईशप्पथ, काय गार पडलीय ही!"

"मराठी?"

"आधी नाडी बघा. गप्पा नंतर."

म्हातारीने डोळे उघडले. सकाळपासून उपाशी होती. स्वरदाच्या पर्समधली रेवडी चघळत दोघांकडे बघून म्हणाली, "जोड़ी बनी रहे."

स्वरदाचे कान तापले. "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?"

"व्होल्गाकाठचा. डॉक्टर आहे… म्हणजे तिथे. इथे नाही."

त्याचं नाव धैर्यशील. बाप इथे बँकेत. पोरगा शिकायला गेला तेव्हा सोव्हिएत देश होता. परतला तेव्हा देशच फुटला होता. त्याची पदवी मानायची की नाही, ते दिल्लीला ठरवता येईना; फाइल पडून. तेलीबागेतल्या नर्सिंग होमच्या मालकाला मात्र तो चालायचा, अर्ध्या पगारात. तपासायचा हा, सही दुसऱ्याची. त्या दिवसापासून ती सही स्वरदाची, कारण त्याच नर्सिंग होममध्ये तिचा तो पहिला दिवस होता.

"रशियात पैसे भरले की पास करतात म्हणे," तिने मुद्दाम डिवचलं.

"हो ना. आणि इथले पास झाले की विमानात बसतात म्हणे."

खरंच होतं ते. तिच्या बॅचचे हुशार लोक अमेरिकेत जाऊन तिथले परदेशी डॉक्टर झाले होते.

पेशंटला लावण्याआधी तो स्टेथोस्कोपची चकती तळव्यात धरून ऊब द्यायचा. मग छातीवर बोटं ठेवून ठोकायचा, कान देऊन.

"तबला शिकलात की डॉक्टरकी?"

"तुम्ही ठेका धरा, मग सांगतो."

स्वरदाच्या घरी, मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात, तो कोऱ्या चहासोबत मोरांबा खायचा. एक चमचा तोंडात, त्यावर घोट. तिकडची सवय. स्वरदाची आई कुजबुजली, "मुलगा वाया गेलाय की चहा?" पण बरणी त्याच्यापुढेच सरकवली.

रायबरेली रोडपलीकडे एक सरकारी दवाखाना होता. डॉक्टरांच्या खुर्च्या दोन, डॉक्टर एकही नाही. दारात बायका मात्र रोज बसलेल्या. स्वरदाने तिथली नोकरी घेतली. महिनाअखेर रुजू व्हायचं होतं.

"दुसरी खुर्ची तुमची," ती म्हणाली.

तो दिल्लीला गेला. म्हणाला, "परीक्षा घ्या माझी. नापास झालो तर रेवड्या विकीन."

"ऐसी कोई परीक्षा नहीं है," खिडकीतून उत्तर आलं.

आणि मग मोहन आला. टेम्पो चालवणारा, ओठ निळे, श्वास अडकलेला. धैर्यशीलने छाती ठोकली. एक बाजू रिकाम्या डब्यासारखी वाजली. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती. एक्स-रेला वेळच नव्हता. त्याने बरगड्यांमधून सुई घातली. हवा सुस्स करत निघाली… आणि मोहनने श्वास घेतला.

मालक धावत आला. "मॅडम, ये आपने किया है. समझीं? वरना ये जेल जाएगा, झोलाछाप, नक़ली डॉक्टर कहकर."

स्वरदाने सही केली. मोहनची बायको तिच्या पाया पडली. धैर्यशील पाठमोरा, हात धूत होता. कितीतरी वेळ धूत होता.

"सही छान आहे तुझी," तो म्हणाला.

'तू' म्हणाला… पहिल्यांदाच. या 'तू'ची किती वाट पाहिली होती तिने!

"लग्न करू या," ती म्हणाली. "तू तपास, मी सही करीन."

"जन्मभर?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"आफ्रिकेत जातोय," तो म्हणाला. "तिथेही मी परदेशीच. पण ते परीक्षा तरी घेतात. …चल माझ्याबरोबर."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण दवाखान्याच्या दारात बसलेल्या बायकांना ती शब्द देऊन आली होती.

"सगळेच जातात रे. मीही गेले तर?"

"म्हणूनच तुला ओढत नाही," तो म्हणाला. स्टेशनवर तिने त्याच्या पिशवीत मोरांब्याची बरणी ठेवली. त्याने तिचे गार हात तळव्यांत धरले, चकती धरायचा तसे. ऊब आली, आणि गाडी सुटली.

आता स्वरदा एकटी रांग तपासते. चकती आधी तळव्यात धरते. शेजारच्या खुर्चीवर बायका गाठोडी ठेवतात. परवा एकीने विचारलं, "बिटिया, दूसरे डॉक्टर साहब कब आएँगे?"

स्वरदाने पुढच्या पेशंटला बोलावलं.

बायांनो, तिला कशाला विचारता? साहेब, तुम्हाला विचारतोय. हात होते, विद्या होती, खुर्चीही रिकामी होती. मग त्याची परीक्षा का घेतली नाहीत? बोला!