देवघरातला बिल्ला

पौषातली सकाळ. वैनगंगेवर धुकं इतकं दाट, की पलीकडचं भंडारा कोणी पुसून टाकल्यासारखं. आंघोळ करून, ओल्या केसांनी मी कळशी भरत होते... मागून आवाज आला.

“बाई, कारध्यात तेजरामचं घर कोणतं जी?”

मी वळले. उंचसा, सावळा, गळ्यात मफलर, खांद्याला कापडी पिशवी. मला बोलता येईना. आंघोळीपासून पूजेपर्यंत मौन, हे माझं व्रत. माझा भाऊ तेजराम आजारी होऊन घरी आला, त्या दिवसापासून धरलेलं. मी नुसतं बोट दाखवलं. वर, चिंचेकडे. मग तीन बोटं... तिसरं घर.

“ऐकू येते ना?”

मी मान हलवली.

“बोलता नाही येत?”

काय करणार? नाही म्हणून मान हलवली. तो एकदम ओशाळला. “माफ करा जी,” म्हणाला, आणि माझी कळशी उचलून चालायलाच लागला.

पूजेचं पाणी परक्याच्या हाताला लागलं. ते ओतून पुन्हा भरायला हवं होतं. मी नाही भरलं. का, ते देवालाच विचारा.

दारात मायनं, कौशल्याबाईनं, त्याला नाव विचारलं.

“ईश्वर.”

“घे वं रुखमे!” माय म्हणाली. “रोज हाका मारतेस, आज चालत घरी आला.”

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. पूजा उरकून मी बाहेर आले आणि म्हणाले, “आणखी चहा घ्या.” त्याच्या हातातली बशी डुचमळली.

“तुमी बोलता?”

“पूजेनंतर बोलतो.”

“मंग उद्या पूजेनंतरच येईन,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायला.

पण तो गमती करायला आला नव्हता. आत बाजेवर तेजराम पडलेला. चोवीस वर्षांचा माझा भाऊ. केस झडलेले, हिरड्यांतून रक्त, दोन्ही तळहातांची कातडी सोललेली. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणत, रक्त कमी आहे.

तेजराम दूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे मजूर होता. ईश्वर तिथलाच, मूळचा भंडाऱ्याच्या विणकर आळीतला. मजुरांच्या छातीवर लावायचे बिल्ले वाटणं आणि महिन्याअखेर गोळा करणं हे त्याचं काम. त्या बिल्ल्यात फिल्मचा तुकडा असतो. अंगावर किरण पडले की तो काळा होतो, आणि माणसाला किती लागलं ते कळतं.

“मार्गशीर्षात आत एक नळ फुटला,” ईश्वर सांगू लागला. “ते पाणी पुसाले आठ दिवस सात जण घातले, सारे आपल्याच जिल्ह्यातले. असं काही झालं तर दुसऱ्या दिवशी मुंबईच्या तपासणी मंडळाले कळवा लागते, तसा नियम आहे. साहेबानं कळवलंच नाही. वहीत लिहून टाकलं... बिल्ला नंबर चारशे सतरा, तेजराम, जमा. फिल्म कोरी.” तो तेजरामकडे वळला. “पण तो बिल्ला माझ्याकडं आलाच नाही. कुठं आहे बाबू?”

तेजरामनं कष्टानं मान वळवली. “देवापाशी.”

अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध होता तो. हळदीकुंकवानं माखलेला, वर रोजचं फूल. कार्तिकात धान कापायला तेजराम घरी आला, तेव्हा त्यानंच ठेवला होता. ठेकेदारानं सांगितलं होतं ना, हा बिल्ला तुम्हाला वाचवतो? मग घामानं खराब कशाला करायचा? देवापाशी ठेवला तर त्यालाही राखेल आणि घरालाही. मी दोन महिने त्या बिल्ल्यावर देवांच्या आंघोळीचं पाणी शिंपडत होते... तो माझ्या भावाच्या छातीवर हवा होता.

“आणि फाटकावर कोणी विचारलं नाही? बिल्ला कुठं आहे म्हणून?” मी विचारलं.

“ठेकेदार म्हणे, जाऊ दे,” तेजराम म्हणाला.

ईश्वर देवघराकडे वळला. “हा इथं आहे, म्हणजे वही खोटी आहे. हा मले मंडळाच्या हाती द्या लागते. मंग तेजरामले मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेतील. आणि त्या खोलीत पुढची माणसं जाणार नाहीत.”

“नाही!” माय उंबऱ्यात आडवी आली. “तो ताईत हालला तर माझा पोरगा जाईल.”

ईश्वरनं हट्ट केला नाही. म्हणाला, “मंग आधी अर्ज लिहून काढू.” माझं अक्षर चांगलं, म्हणून तो ओट्यावर बसून सांगायचा आणि मी लिहायची. दुपारी एसटीनं कधी साकोलीकडे, कधी लाखांदूरला जाऊन बाकीच्यांचे अंगठे घेऊन यायचा. येताना माझ्यासाठी काहीतरी पुडीत. सोमवारी चिवडा आणला.

“आज सोमवार आहे,” मी म्हणाले.

मंगळवारी भजी. “आज अंगारकी.”

बुधवारी त्यानं विचार करून उकडलेले शिंगाडे आणले. “हे चालतात ना? आज कोणता उपास?”

“आज कोणताच नाही.”

“अरे बाप्पा!” त्यानं कपाळाला हात लावला. “तुमच्या देवाले माझं काही चालतच नाही.”

मी हसले आणि शिंगाडा सोलला. बोटं काळी झाली. त्यानं आपला रुमाल पुढे केला... आणि माझी बोटं त्यात गेल्यावर तो सोडायला विसरला. शेजारच्या पार्वताबाई भिंतीवरून म्हणाल्या, “काय वं रुखमा, साऱ्या गावाले भाऊ म्हणतेस. याले काहून नाही म्हणत?”

मी अर्जात मान घातली. खरंच, इतक्या दिवसांत एकदाही म्हटलं नव्हतं.

अर्जाखाली सात नावं माझ्या हातानं लिहिली. शेवटी त्यानं स्वतःची सही केली.

“साहेबाच्या डोक्यावरून पाठवता... नोकरी राहील?”

“नाही राहणार.”

“मंग?”

“बापाचा माग आहे ना आळीत. लुगडी विणीन.” मग हळूच, “तुमाले कोणता काठ आवडते?”

गुरुवारी सकाळी माय नदीवर गेली होती. देव जागचा हलवताना अक्षता वाहून ‘पुन्हा यावं’ म्हणायची रीत आहे. मी अक्षता उचलल्या, पण ते शब्द तोंडातून निघेनात. पुन्हा येऊ नये, असंच मनापासून वाटत होतं. बिल्ला रुमालात बांधला आणि ईश्वरच्या हातात ठेवला. तो त्याच दिवशी मुंबईच्या गाडीत बसला.

बाराव्या दिवशी तेजराम गेला.

शेवटी त्याला पाणीही गिळता येत नव्हतं. माय रडली नाही. देवघरातल्या त्या रिकाम्या जागेवर तिनं हात फिरवला आणि म्हणाली, “तू काढलास.” एवढंच. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं जेवायची, पण ताट माझ्या हातून घ्यायची नाही.

ईश्वर तेरवीला आला, अंगणातूनच हात जोडून परत गेला. त्याची नोकरी गेली होती. मी दारात उभी होते. दोघांच्या मध्ये तेजराम होता.

चैत्रात मंडळाचं पत्र आलं. तेजरामच्याच नावावर. मी मायसमोर बसून मोठ्यानं वाचलं. खोली बंद केली आहे. वहीतली नोंद खोटी ठरली आहे. खाली दिलेल्या आठ जणांनी मुंबईच्या दवाखान्यात तपासणीसाठी यावं.

आठ? मी तर सात लिहिली होती.

पहिलं नाव तेजरामचं... त्यांना कोण सांगणार? आठवं नाव ईश्वरचं. पुढे लिहिलं होतं: फाटकावरच्या नोंदीनुसार, बेशुद्ध पडलेल्या तेजरामला खोलीतून ओढून बाहेर काढणारे.

पत्र माझ्या मांडीवर पडलं. माय उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तू बिल्ला काढला, हे मी मरेपर्यंत इसरणार नाही,” ती म्हणाली. “पण जा. त्याले पाहून ये.”

मी पूल ओलांडून विणकर आळीत गेले. तो मागावर बसला होता. मला पाहून धोटा त्याच्या हातातच राहिला.

“आठवं नाव काहून नाही लिहू दिलं?”

त्यानं धोटा बाजूला ठेवला. “कोणीच आत जायले तयार नव्हतं. चार मिनिटं गेलो असेन...”

“मले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुमी माझ्या नावाचाही एक उपास धरला असता.” त्यानं हसायचा प्रयत्न केला. “माझी फिल्म काळी आहे, रुखमा. पार काळी. किती वर्षं आहेत, डॉक्टर सांगत नाही. म्हणून मी तुमाले काही विचारणार नव्हतो.”

पहिल्यांदाच त्यानं मला नुसत्या नावानं हाक मारली होती. मी म्हणाले, “मंग मी विचारतो. मुंबईले एकटेच जाल का?”

“बिनलग्नाची सोबत आली तर लोक...”

“म्हणूनच तर आधी लगन.”

तो मागाच्या लाकडावर कपाळ टेकून बसला. खांदे हलत होते. मी बाजूला बसले.

अक्षय तृतीयेला लग्न झालं. घरात दुखवटा, म्हणून वाजंत्री नाही. मायनं माझी ओटी भरली, तोंडानं काही म्हणाली नाही. आठवड्यानं आम्ही मुंबईत, दवाखान्याच्या लांब बाकावर बसलो होतो. त्यानं... आता त्यांनी म्हणायला हवं... त्यांनी कागद भरायला घेतला. ‘सोबत कोण’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. ‘नातं’ या रकान्याशी हात थांबला. बोटं थरथरत होती. लाजेनं, की त्या चार मिनिटांनी, मी विचारलं नाही.

पेन मी घेतलं आणि लिहिलं, पत्नी.