पोवळ्यांचा दिवा

मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. माझ्या ओळखीतला एक जण घरोघरी माशांच्या टाक्या साफ करतो. पोरं त्याला टाकीमामा म्हणतात. हसू नका, चांगला कामसू माणूस आहे. भूतबीत मानत नाही. पण एका घराचा विषय निघाला की गप्प होतो.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री दहाच्या सुमारास तो त्या घरी काच घासायला गेला, कारण तिथला माणूस कामावरून उशिरा यायचा. घरात आता तो एकटाच. काही महिन्यांपूर्वी त्याची नऊ वर्षांची लेक तापाने गेली होती. तिच्या खोलीत तिची समुद्राच्या पाण्याची टाकी होती, आत जिवंत पोवळी.

टाकीमामा पाहतो तर काचेवर शेवाळाचा हिरवा थर, आणि पोवळी हाडासारखी पांढरी पडलेली. एकाच फांदीत थोडा जांभळा रंग उरला होता.

"भाऊ, टाकीवरचा दिवा रात्रभर चालू ठेवता?"

"हो. अंधाराला घाबरते ती."

घाबरते. टाकीमामाने ऐकलं आणि तो शब्द दुरुस्त केला नाही. पण कामाचं बोलावंच लागलं.

"पोवळ्यांनाही रात्र लागते हो. दिवसा निळा उजेड, तोही बेताने, आणि रात्री अंधार. नाहीतर त्यांचा रंग जातो नि शेवाळ माजतं. अति तिथे माती. ही एक फांदी राहिलीय, तीही जाईल."

"तिचं म्हणून जिवंत एवढंच उरलंय, मामा. कळतंय मला. पण माझ्याच्यानं दिवा घालववत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. टाकीमामा बादली घेऊन स्वयंपाकघरात गेला. बापही मागोमाग आला. बोलता बोलता...

तिच्या खोलीतून येणारा उजेड गेला.

वीज गेली नव्हती. यांच्या डोक्यावरचा बल्ब चालू होता.

दोघं दारापर्यंत गेले. आत अंधार. पाण्याचा आवाज आला... हात घातल्यासारखा. मग तोही थांबला.

"बाळा?" बाप म्हणाला.

तो अंधारात वाकला.

"भीती नाही ना वाटत?"

काही नाही.

बाप उंबऱ्यातच बसला आणि रडला. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच. बराच वेळ रडला, पण दिवा लावा असं म्हणाला नाही.

शेवटी टाकीमामाने मोबाइलचा उजेड धरला. खोलीत कोणी नव्हतं. जांभळ्या फांदीवर पोवळ्याची बारीक बारीक तोंडं उमलली होती, अंधारात उमलतात तशी. दिव्याचा प्लग काढलेला. वायरीची नीट गुंडाळी केलेली, आणि तिला केसांचं एक छोटं रबर लावलेलं.

रबर ओलं होतं.