वरची पिसं

ते कबुतर आमच्या स्लॅबवरच्या कुरडयांत शिरलं नसतं, तर माझी आणि प्रज्वलची गाठच पडली नसती. बरं झालं असतं! भर दुपारी मी झाडू उगारला, तरी मेलं उडेना. नुसतं उड्या मारत फिरत होतं. तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं.

"ओ मॅडम… मारू नका. माह्यं हाय ते."

"मंग ह्या उष्ट्या कुरडया बी तुमीच खा."

"तुमी तळून देसान तं खातो ना!"

असा आगाऊ! मी हसू दाबलं. "पंख मोडला का याचा?"

"नाई." त्यानं कबुतर छातीशी धरलं, पंख उलगडला आणि वरची बारीक पिसं बोटानं उचलली. खाली उडायची लांब पिसं अर्ध्यातून कापलेली! "नवं हाय. सोडलं तं जुन्या घरी पयते. नवी पिसं येईस्तोर आमच्या ढाबळीची सवय होऊन जाते."

"बोटानं उचलली ना, ती आच्छादक पिसं," मी म्हटलं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, शहाणपणा दाखवायची खाज, दुसरं काय!

"अबब! एवढुशा पिसाले एवढं जड नाव?" तो माझ्याकडे बघतच राहिला… "आमी वरची पिसं म्हनतो. ते नाई कापत. मंग बसलेलं कबुतर कोनालेच कापेल दिसत नाई."

मला त्या क्षणी कात्री दिसायला हवी होती. मला दिसली ती त्याची बोटं, किती हळुवार!

मग रोज संध्याकाळी स्लॅबवर काही ना काही काम निघू लागलं. कधी दोरीवरचे कपडे, कधी उगाच. त्याच्या आईला, पुष्पाबाईंना, मी पसंत पडले. आमच्या बाबांनाही तो आवडला. लग्न ठरलं. मला अमरावतीला एम.एस्सी. करायची होती, तेवढंच एक मागणं होतं माझं.

"दोन वर्षं थांबशीन?" मी विचारलं.

"कबुतरवाले वाट पाहाले शिकेल असतात, छाया…"

मी विरघळले. मलकापूरच्या बसस्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. माझाही फॉर्म त्यानंच भरला. यादीत नाव लागलं. शुक्रवारपर्यंत जागा पक्की करायची होती.

"केली?"

"झालं ना! तू टेन्शन नको घेऊ."

शनिवारी होस्टेलचं विचारायला मी अमरावतीला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही जागा पक्की केलीच नाही. काल मुदत संपली."

धावत दुकानात गेले. तो खोटंसुद्धा बोलला नाही.

"हाव, नाई केली. एक वर्ष आमच्या घरात राह्य, सवय व्हईन. मंग जाजो. मी काय तुले बांधून ठेवून राह्यलो का?"

"माह्यी पिसं कापली तू, प्रज्वल! अन् वरून काईच दिसू देलं नाई."

"जीव हाय तुह्यावर, म्हून केलं."

जीव होता, हे खरंच. तेच तर दुखणं! घरी बाबा म्हणाले, "हुकली असन तारीख. पोरगा चांगला हाय." आता त्यांना काय दाखवणार?

सोमवारी प्रवेशाची दुसरी फेरी उघडली. फॉर्मवर मोबाइल नंबर त्याचा, त्यामुळे ओटीपी त्याच्याच फोनवर गेला. दात-ओठ खात फोन केला.

"चार… सात… दोन…" तो थांबला. "बाकीचे तीन आकडे संध्याकाळी स्लॅबवर येऊन सांगतो. एकडाव भेट ना…"

तोच लाडिक आवाज. महिन्यापूर्वी मी पळत गेले असते. खरं सांगू? त्या दिवशीही पाय उचलला होता.

"राहू दे," म्हटलं आणि फोन ठेवला. मग उशीत तोंड खुपसून पोटभर रडले. नंबर बदलायला स्वतः अमरावतीला जावं लागतं, असं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

तिथल्या प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी माझा नवा नंबर लिहून घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं. "आधीचा नंबर कोणाचा होता?"

होणाऱ्या नवऱ्याचा… ओठांवर आलं होतं.

"फॉर्म भरणाऱ्या दुकानदाराचा," मी म्हणाले.