टपालपेटीवरचं नाव

हॅम्बुर्गच्या त्या बँकेत झिफा आगबेको दुसऱ्यांदा आली, तेव्हाच तिच्या मस्तकाची शीर तडतडत होती. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिला काम लागलं होतं. पण शुक्रवारपर्यंत इथल्या बँकेचं खातं दाखवलं नाही तर जागा दुसरीला, आणि जागा गेली की या देशात राहायचा परवानाही गेला. खातं तर उघडलं होतं, पण टपालाने पाठवलेलं कार्ड बँकेकडे परत आलं होतं, आणि कार्ड हाती पडल्याशिवाय खातेक्रमांक मिळणार नव्हता.

"तुमच्या टपालपेटीवर तुमचं नावच नाही," काउंटरवरच्या बेंके बाई म्हणाल्या. "नाव नसलं की पोस्टमन काही टाकत नाही."

तिच्या घानात घर सांगायचं तर आंब्याचं झाड सांगतात, शेजारच्या पोराच्या आईचं नाव सांगतात. पेटीवर नाव डकवायचं असतं हे कुणाच्या बापाला ठाऊक? आधी सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का, असं अगदी ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

चर्चमधल्या ज्या एसेनाम आंटीकडे ती राहत होती, ती ऐकून खोखो हसली. "अगं, इथे देवदूत उतरला तरी त्याला पेटीवर नाव लावावं लागेल."

झिफाला हसू आलं नाही. गावच्या चर्चमध्ये प्रवचनकाराने अभंगासारखी ओळ टाकली की मागून पहिली झील तिचीच असायची. इथे आल्यापासून तिच्या गळ्यातून सूर निघाला नव्हता. संताप तेवढा निघायचा. कागदावर निळ्या शाईत नाव लिहून तिने तो पेटीवर दाबून चिकटवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागद नव्हता. त्या जागी पितळी पाटी होती: डी. आगबेको. कागदोपत्री झिफाचं नाव डी अक्षरानेच सुरू व्हायचं. अक्षरं बोटांनी झिजलेली, स्क्रू हिरवे पडलेले.

घरमालकाने लावली असेल, आंटी म्हणाली. पण ती पाटीकडे बघत नव्हती.

झिफा तणतणत बँकेत गेली. बेंके बाई पहिल्यांदाच हसल्या.

"कार्ड काल तुम्हीच नेलंत की."

"मी काल आलेच नाही."

"याच खुर्चीत बसला होतात. चिडला नव्हतात, एवढाच फरक. गात होतात."

झिफाने खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची उबदार होती.

बाई हळू आवाजात समजावू लागल्या. एका पत्त्यावर एका नावाची दोन माणसं चालायची नाहीत. कालची ती मीच, एवढं म्हणा, खातेक्रमांक आत्ता देते. नाहीतर खातं बंद.

शुक्रवार उद्यावर आला होता. झिफाने काउंटरवर थाड्दिशी हात आपटला.

"हो, मीच ती. झालं समाधान?"

खातेक्रमांक मिळाला. धोबीखान्यात तो दाखवला. जागा पक्की झाली.

घराची किल्ली एकच, ती आंटीकडे. झिफाने खालून घंटी दाबली.

घंटीशेजारच्या बोलायच्या जाळीतून आधी गाणं आलं. गावचं. पहिली झील अगदी तिच्या ठिकाणी पडली.

"कोण?" आंटीने विचारलं.

"मी, झिफा. दार उघड."

गाणं थांबलं.

"झिफा घरातच आहे," आंटी म्हणाली. "आपण कोण, बाई?"

झिफा ओरडली. दारावर लाथ मारली.

मग जाळीतून तिचाच आवाज आला, निवांत, मायेचा.

"रागावू नका हं तिच्यावर, आंटी. मीसुद्धा आधी अशीच चिडले होते."