यंत्रांचा विसावा

कुमुदिनी सरपोतदारांच्या हातात झेंडूची माळ होती. ती संगणकाला घालण्याआधीच नियंत्रणकक्षातले सगळे पडदे एकदम काळे झाले.

"मी अजून बंद केले नव्हते," सागरतळ संशोधन केंद्राच्या या प्रमुख चमकून म्हणाल्या.

आज खंडेनवमी. दरवर्षी त्या सगळी यंत्रे बंद करून पूजा करीत आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणाला हात लावू देत नसत. एवढ्या शिकलेल्या माणसांचे केंद्र, पण बाईंपुढे बोलणार कोण! यंदा फक्त हवेचा पंप चालू ठेवायचा, असे चहा पिताना ठरले होते. समुद्रतळावरच्या जलकुटीत त्यांची धाकटी बहीण शर्वरी प्रवाळांचा अभ्यास करीत होती. तिला हवा पुरवणारा पंप याच वर्षी संगणकांना जोडला होता.

तोही थांबला होता.

"ही नव्या प्रणालीची करामत," फिरोज मुलाणी म्हणाले. केंद्राचे संगणक नव्या 'अनुकरणी प्रणाली'वर त्यांनीच नेले होते. "जुनी प्रणाली आज्ञेवर चालायची, मॅडम. ही आपल्या सवयींवर चालते. जुन्या नोंदी, ध्वनिमुद्रणं, सगळं ती शिकलीय. जे आपण दरवर्षी न चुकता करतो, ते तिच्या लेखी कर्तव्य."

"पण पंप?"

"जुन्या नोंदींत पंप नव्हताच. तिच्या दृष्टीनं तेही एक यंत्र."

"मग चालू करा ना!"

फिरोजनी कळ दाबली. पडदा उजळला आणि लगेच विझला. पुन्हा दाबली, पुन्हा तेच.

"दरवर्षी आज कोणीतरी चोरून क्रिकेटचा स्कोअर बघायचं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही येऊन संगणक बंद करायचात. तेही ती शिकलीय."

"पंपाला थेट वीज द्या."

"झडपा तिच्याच ताब्यात आहेत."

"जुनी प्रणाली परत घाला!"

"त्यासाठी संगणक चालू तर राहायला हवा."

हवेचा जुना हातपंप मोठ्या कौतुकाने भंगारात काढला होता. मदतनौका निघाली होती, पण ती पोचणार संध्याकाळी. जलकुटीतली हवा दुपारपर्यंतच पुरणार होती. आणि खोल पाण्याच्या दाबामुळे शर्वरीला एकदम वर येणेही शक्य नव्हते.

तारेचा साधा फोन वाजला.

"ताई, पंप थांबलाय. पूजा चाललीय वाटतं?" शर्वरीच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. "आटपा लवकर. आणि माझा प्रसाद ठेव गं."

"ठेवते," बाई कशाबशा म्हणाल्या. "तू बोलू नकोस जास्त. पडून राहा."

फोन कानाला धरूनच त्यांनी स्वतः कळ दाबली. पडदा उजळला. या वेळी विझण्याआधी ध्वनिवर्धक खरखरला आणि त्यातून कुठल्यातरी जुन्या नवमीचा, दटावणारा, बाईंचाच आवाज आला.

"हात काढा बघू! एक दिवस त्यांना विसावा दिला तर काय बिघडतंय?"

फोनवर शर्वरी खळखळून हसली.

"कुणाला ओरडतेयस गं ताई, सणाच्या दिवशी?"