बाकड्यावरची शेवटची जागा

"ही जागा पेशंटची आहे. सोबत आलेल्यांनी बाहेर थांबायचं."

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं हे असं. याहून बरी सुरुवात करता आली असती, पण माझी जीभ लहानपणापासून तिखट. आई म्हणते, हिच्या बाळगुटीत कुणीतरी मिरची उगाळली होती.

तो निमूट उठला. उंच, सावळा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... उठताना एकदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी गंमत झाल्यासारखं. मग भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. आम्ही नुकतेच वरळीच्या चाळीतून मीरा रोडला राहायला आलो होतो. बाबांना, म्हणजे निवृत्त हवालदार कोंडिराम गमरे यांना, कुणीतरी सांगितलं की काशीगावात माजी सैनिकांसाठी उपचार केंद्र आहे. दोन खोल्या, एक पंखा, शनिवारी येणाऱ्या डॉक्टर मृणालिनी टिपणीस आणि हे लांबलचक बाकडं, एवढाच त्याचा पसारा. मोठं लष्करी रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. बाबांचा डावा पाय एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्याखाली गेलेला, त्यामुळे तिथं जाऊन येण्यातच त्यांचा अख्खा दिवस मोडायचा.

मी बाबांना त्या रिकाम्या जागेवर बसवलं, तर पंख्याखालचे सुभेदार खाकरले. "हवालदार साहब, आप इधर!" तेव्हा कळलं, या बाकड्यावर कुणी आधी आलं म्हणून आधी बसत नाही. हुद्द्यानं बसायचं. सुभेदारांच्या शेजारची जागा हवालदारांसाठी मोकळीच ठेवलेली होती. बाबा खुशीत तिकडे गेले, आणि शेवटची जागा पुन्हा रिकामी झाली. तिथं मीच बसले. तो आपला उभाच.

बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "लान्सनायक पंढरीनाथ पाटील!"

तो भिंतीपासून सुटला आणि उजवा पाय ओढत आत गेला. गुडघा वाकतच नव्हता.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो बाहेर आला तशी मी पुढं झाले. "अहो, बोलायचं ना! मला काय माहीत... एवढा वेळ उभे राहिलात!"

"तुम्ही आवाजच तसा लावलात," तो म्हणाला. "मला वाटलं, नवीन सुभेदार आले."

"पाय दुखला असेल."

"न्हाय. ठीक हाय."

"आणि नाव काय हो, पंढरीनाथ? माझ्या आजोबांच्या वयाचं!"

"आजोबांचंच हाय," तो हसला. "त्यांनी वापरून ठेवलेलं, म्हणून मजबूत."

तो जवळच्याच चेणे गावचा. श्रीलंकेला शांतिसेनेत गेला होता, तिथं सुरुंगाचा तुकडा गुडघ्यात शिरला आणि फौज संपली. आता भावाबरोबर भाजीचा मळा बघायचा. हे सगळं मला एका शनिवारी कळलं नाही. कळायला बरेच शनिवार लागले, आणि खरं सांगायचं तर ते लागावेत असंच मला वाटत होतं. एरवी मी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात टायपिंग करायची. तिथल्या खडखडाटात सोमवारपासूनच शनिवार आठवायला लागला. तिथली माझी मैत्रीण वासंती तर चिडवायची, "रश्मी, बाबांचा पाय सुधारतोय की नाही माहीत नाही, तुझा रंग मात्र सुधारतोय!"

बाबांचा पाय सुधारत नव्हता. कृत्रिम पाय जुना झाला होता, आणि त्याच्या कडेनं रोज कातडं सोलायचं. हे मला कळायचं ते मोज्यावरून. खुंटावर घालायचा पांढरा मोजा रोज संध्याकाळी मी धुवायची, तेव्हा बादलीतलं पाणी लाल व्हायचं. आणि शनिवारी डॉक्टरबाईंनी "कसं काय, गमरे?" असं विचारलं, की बाबा छाती काढून म्हणायचे, "एकदम ठीक!"

"खोटं का बोलता?" मी एकदा विचारलं.

"खोटं कसलं? विचारलं तर काय रडत बसायचं?"

अख्खं बाकडं असंच होतं. नायक बबन कदमांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, सुभेदारांची पाठ गेलेली... आणि सगळेच्या सगळे ठीक!

एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. केंद्राचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला समितीचे एक निवृत्त कर्नल पुढच्या शनिवारी येणार होते. गरज दिसली तर अनुदान वाढेल. नाही दिसली, तर केंद्र बंद आणि सगळ्यांनी शहरात जायचं. "तेव्हा कृपा करून, काय दुखतंय ते सांगा," त्या जवळजवळ हात जोडून म्हणाल्या. सगळ्या माना हलल्या. त्या रात्री मोजा पिळताना मी बाबांकडून वचनही घेतलं. हे केंद्र गेलं तर बाबा घरात बसून राहतील आणि तो पाय एक दिवस वरपर्यंत सडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्या शनिवारी काय झालं? सगळे कडक इस्त्री करून आले. दाढ्या गुळगुळीत, छातीवर पदकं. कर्नलसाहेब आत शिरले तसं बाकडं एका झटक्यात सावधान उभं राहिलं. बाबासुद्धा... त्या सोललेल्या पायावर, ताठ. कर्नलसाहेब एकेकासमोर थांबत गेले.

"कोई तकलीफ?"

"नहीं साहब!"

"कोई तकलीफ?"

"नहीं साहब!"

बाबांसमोर ते थांबले तेव्हा मी श्वास रोखला.

"सब ठीक है साहब!" बाबा गरजले.

असे वर्षानुवर्षं रांगेत उभे राहून याच प्रश्नाला हेच उत्तर दिलेले लोक. कसलं वचन आणि कसलं काय! डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. आता शेवटचा उरला होता पंढरीनाथ. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, बोला हो... तुम्ही तरी.

"और जवान, तुम? कोई तकलीफ?"

त्याची नजर समोर वळली.

"जी... नहीं साहब."

"शाबाश!" कर्नलसाहेब खूश होऊन आतल्या खोलीत चहाला गेले.

मी त्याला दारापाशी गाठलं. रागानं मला रडू येत होतं. "तुम्हीसुद्धा!"

"तोंडातून तेच निघतं..." तो खाली बघत म्हणाला. "सवय हाय."

"पायातलं दुखणं सांगायला जमत नाही, मग बाकीचं काय सांगणार तुम्ही कुणाला... जन्मभर?"

'बाकीचं' हा शब्द तोंडातून निसटला आणि माझे कान तापले. त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघतच राहिला — इतकं की मीच नजर वळवली. मग तो वळला आणि पाय ओढत आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहब, गलती हो गई. तकलीफ है."

"क्या?" कर्नलसाहेबांनी कानामागचं यंत्र चाचपलं. त्यांना ऐकू कमी येत होतं.

"तकलीफ है, साहब!" या वेळी ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "हवालदार गमरे का पैर रोज खून देता है. नायक कदम को एक आँख से दिखता नहीं. सुभेदार साहब झुक नहीं सकते."

"और तुम्हें?"

दुसऱ्याचं सांगणं सोपं होतं.

"घुटना, साहब," तो हळूच म्हणाला. "रात को सोने नहीं देता."

कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला आणि बाहेर आले. बाकडं पुन्हा सावधान.

"बैठो," ते म्हणाले. साहेब उभे असताना कोण बसणार? तेव्हा ते स्वतःच सरळ जाऊन शेवटच्या जागेवर बसले, लान्सनायकाच्या. "अब तो बैठोगे? मेरी भी गलती है. खड़े सिपाही से तकलीफ नहीं पूछनी चाहिए." मग कानाला हात लावून म्हणाले, "ये कान कब का गया था. मैंने किसी को बताया नहीं. बीवी समझती रही, मैं उससे नाराज हूँ."

आधी सुभेदार हसले, मग सगळे. हसता हसता बसले, जो तो मिळेल त्या जागी, हुद्दा विसरून. आणि बाबा... बाबा खाली वाकले, त्यांनी पँट वर केली आणि पायाचे पट्टे एकेक करून सोडले. मोजा काढला. माझ्याशिवाय कुणाला न दाखवलेला तो खुंट त्यांनी पंख्याखाली सगळ्यांसमोर ठेवला. मी जाऊन त्यांचा हात धरला.

मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही. रोज डॉक्टर हवा होता, आठवड्यातून तीनदा मिळाला. खाटा नाहीत, पण मलमपट्टीचं सामान नियमित यायला लागलं, आणि बाबांचं नाव नव्या पायासाठी पुण्याला गेलं. दगडापेक्षा वीट मऊ.

मे महिन्यातल्या एका शनिवारी बाबा आत मापं द्यायला गेले होते. बाकीचे पांगले होते. मिठागरांकडून खारा वारा येत होता. पंढरीनाथ आला, हातात झाडावरच्या पांढऱ्या जामांची पिशवी. आला तो उभाच राहिला.

मी आवाज जाड केला. "जवान! कोई तकलीफ?"

"नहीं सा..." तो अडखळला आणि हसला. मग शेवटच्या जागेवर बसला, जरा सरकला आणि शेजारी हात ठेवून म्हणाला, "तुम्हीपण बसा. उभ्यानं सांगता येत न्हाय."

मी बसले.

"हाय," तो म्हणाला. "तकलीफ हाय. शनिवार संपला की सुरू होते... पुढच्या शनिवारपर्यंत."

"औषध?"

"शेजारी बसलंय. जीभ तिखट हाय, पण चालंल."

मला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही. "तुमच्या घरी चालेल का पण? आम्ही बौद्ध, तुम्ही आगरी. आईनं मला विचारलंसुद्धा, त्यांच्याकडे काय म्हणतील म्हणून."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. "माझ्या आईला मी सांगितलं. चार-आठ दिवस बोलली न्हाय माझ्याशी. जेवण वाढायची आणि तोंड फिरवायची. आज सकाळी स्वतः झाडाखाली गेली, जाम काढले, पिशवी हातात दिली. म्हणाली, हवालदारांना दे..." त्यानं पिशवी पुढं केली. "आन् त्यांच्या पोरीला."

मी एक जाम उचलला. थंडगार, पाणीदार. तो खाता येईना, नुसता हातात फिरवत राहिले.

"आन् तुम्हाला?" त्यानं विचारलं. "तुम्हाला काही तकलीफ?"

मी हवालदाराची मुलगी. आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि तेच सवयीनं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"आहे," मी म्हटलं. "तीच."