दहावी जागा

"हे काय आहे, जॅनेल?"

केल्सीनं जॅनेलचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आदळला, तो थेट उकडलेल्या बटाट्यांच्या भांड्यापाशी... आणि मांस कापणारे त्यांच्या बापाचे, म्हाताऱ्या व्हर्नचे, हात जागच्या जागी थांबले. पडद्यावरची चार ओळींची मेल तिघांनाही बसल्या जागेवरून वाचता येत होती. पशुवैद्यकीय कॉलेजात मोंटाना राज्याच्या मुलांसाठी राखलेल्या दहा जागांपैकी दहावी जागा जॅनेल सोलबर्ग यांना देण्यात आली आहे, आणि ती स्वीकारण्याची मुदत आज, पंधरा एप्रिलला, संध्याकाळी पाच वाजता संपते!

प्रतीक्षायादीत पहिली होती केल्सी. जॅनेलची सख्खी धाकटी बहीण.

"दोन महिने!" केल्सीचा आवाज चिरकला. "दोन महिने मी रोज मेल उघडून बघतेय, वरचं कुणी गळतंय का म्हणून. आणि वरचं कोण, तर तू! माझ्यासमोर बसून जेवणारी तू!"

जॅनेलनं हातातला काटा ताटात ठेवला. एकोणचाळीस वर्षांची ती बाई, गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात सोळा वर्षं मदतनीस म्हणून राबणारी, आणि या रँचवरच्या तीनशे गाईंची बाळंतपणं करणारी! आई गेली तेव्हा केल्सी सात वर्षांची होती. त्या दिवसापासून तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप, सगळं जॅनेलनं निमूट अंगावर घेतलं, आणि केल्सीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय म्हटल्यावर तिच्या मुलाखतीची तयारीही तिनंच करून घेतली. त्या मुलाखतीची तऱ्हाच निराळी. सात खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रश्न. दोन मिनिटं दाराशी उभं राहून तो वाचायचा, घंटा झाली की आत जायचं आणि परीक्षकांपुढे आठ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, पुढचं दार! जॅनेलनं घरातल्या सात दारांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, अगदी न्हाणीघर आणि कोठीसुद्धा सोडली नव्हती. स्वतः ती कधी कठोर परीक्षक व्हायची, कधी रडणारी कुत्र्याची मालकीण. केल्सी अडखळली की म्हणायची, "थांब, मी असते तर काय सांगितलं असतं ते ऐक." सत्तर अर्ज आणि दहा जागा. सातांतल्या सहा जणांनी घरी जायचं असतं, हे ती केल्सीला रोज बजावत असे.

आणि हे सगळं शिकवता शिकवता तिच्या स्वतःच्या अंतःकरणातली, राखेखाली झाकून ठेवलेली ती जुनी आस पुन्हा पेटली, हा काय तिचा अपराध होता? तिचे कॉलेजातले जुने विषय आता ग्राह्य धरत नव्हते. तिनं ते पहाटे उठून, याच टेबलावर, पुन्हा पहिल्यापासून केले. घरी सांगितलं, दवाखान्याचं काम आहे, आणि गुपचूप अर्जही भरला. जानेवारीत केल्सीला मुलाखतीला घेऊन गेली तीच. सकाळी केल्सी आत गेली, दुपारी मैत्रिणींबरोबर भटकायला गेली, आणि त्याच दुपारी त्याच सात दारांसमोर जॅनेल स्वतः उभी राहिली. जागा मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं! मिळाली, आणि तेव्हापासून तिला ती धड घेववत नव्हती, धड सोडवत नव्हती.

"जॅनेल," व्हर्ननं सुरी खाली ठेवली. "सोडून दे ती जागा. पोरीचं वय आहे. तू आता या वयात... आणि इथल्या गाई कोण बघणार? मी अडुसष्टचा झालो."

"डॅडना सुद्धा कळतंय!" केल्सी म्हणाली. "तुला तरुणपणी मिळालं नाही, त्याचा सूड माझ्यावर उगवतेयस तू!"

दार धाडकन आपटून ती अंगणात निघून गेली.

जॅनेल उठली. तिनं ताटं गोळा केली, बेसिनमध्ये ठेवली, नळ सोडला... आणि बंद केला. गेल्या दोन महिन्यांत जे ठरलं नव्हतं ते त्या क्षणी ठरलं. बापाकडे वळून ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटावा इतका स्थिर होता,

"नाही डॅड. एकदा दिली मी जागा. आता नाही देणार."

"हळू बोल—"

"का हळू? सतरा वर्षं हळूच बोलतेय मी!"

"एकदा दिली म्हणजे?"

केल्सी दारात उभी होती. ट्रकच्या किल्ल्या विसरल्या म्हणून परत आली होती ती. व्हर्नची मान खाली गेली, आणि त्या राकट, उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या माणसाचा चेहरा असा पडला, की केल्सीनं घाबरून पुन्हा विचारलं, "डॅड, एकदा दिली म्हणजे काय?"

"हिची निवड झाली होती," व्हर्न टेबलाकडे बघत म्हणाला. "तुझी आई गेली त्याच वर्षी. मीच तुला सांगितलं, की नाही झाली म्हणून. नाहीतर तू मोठेपणी विचारलं असतंस, की बापानं पोरीला जाऊ का दिलं नाही... आणि मला उत्तर देता आलं नसतं."

टोपी उचलून तो गोठ्याकडे चालता झाला. असली माणसं रडायची असली की गुरांत जातात.

केल्सी मटकन खुर्चीत बसली. मग एकदम ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली.

"जॅन... मी एक केलंय. तुला सांगितलं तर तू मला घरात घेणार नाहीस."

"काय केलंस?"

"चौथ्या खोलीत प्रश्न होता, तुमच्या चुकीनं एखाद्या जनावराचं नुकसान झालं असेल तर सांगा. माझ्याकडे काही नव्हतं सांगायला. तू कायम पुढे असायचीस, चूक करायची वेळच आली नाही माझ्यावर! मी... मी आईच्या घोडीची गोष्ट सांगितली. माझी म्हणून."

जॅनेलला ती चौथी खोली आठवली. तिनंही तीच गोष्ट सांगितली होती. तिची होती ती! तिनं बोलायला सुरुवात करताच परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि शेजारच्या गृहस्थाकडे रोखून पाहिलं होतं. आपण काहीतरी भयंकर चुकीचं बोललो, अशा समजुतीनं ती त्या दिवशी खोलीबाहेर आली होती.

"माझं दुःख चोरलंस तू!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा केल्सीवर ओरडली. "जुने कपडे नेतात तसं उचलून नेलंस! काय वाटलं ग तुला ते सांगताना?"

"आधी छान वाटलं," केल्सी रडत रडत, पण खरं तेच बोलली. "मग बाईंनी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय केलंस? आणि मला सांगताच येईना. मी काहीतरी बडबडले. जॅन, तू मला घोडीचं हजारदा सांगितलंस, पण दुसऱ्या दिवशी तू काय केलंस, हे मी तुला कधी विचारलंच नाही!"

जॅनेल बेसिनला टेकून उभी राहिली.

"घोडीनं त्या दिवशी सकाळी दाणा सोडला होता," जॅनेल म्हणाली. राग अजून होता, पण आवाज खाली आला होता. "ते मी पाहिलं. पण तुझी शाळेची बस चुकेल म्हणून तशीच निघाले. दुपारी परतले तर तिच्या आतड्याला पीळ पडलेला. डॉक्टर बर्फात अडकले होते. संध्याकाळपर्यंत मी तिला धरून फिरवलं, आणि शेवटी डॅडची बंदूक आणून... मीच. इथपर्यंत तुला ठाऊक आहे."

"हो."

"आईची घोडी होती ती. आईच्या मागे डॅडचा सगळा जीव त्या घोडीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ते रिकाम्या ठाणात गवतावर बसलेले. हाक मारली, उठेनात. जेवेनात. गाई हंबरत होत्या. आणि तू शाळेचा झगा उलटा घालून माझ्यासमोर उभी, वेणी घाल म्हणून. मी झगा सरळ केला, तुझी वेणी घातली, तुला बसमध्ये बसवलं. मग घरात आले आणि कॉलेजला फोन करून सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

केल्सीनं उठून बहिणीच्या कमरेला मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली, "तू सोडलीस तर मी ती जागा घेणार नाही. आत्ताच कॉलेजला कळवते, यादीतून माझं नाव काढा म्हणून. मग बसू दोघी घरी!"

"काही कळवू नकोस. अजून कुणी गळालं तर ती तुझी." जॅनेलनं डोळे पुसले. "आणि ही माझी."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला. चार वाजायला दहा मिनिटं होती. 'स्वीकार' या शब्दावर तिनं बोट दाबलं. सतरा वर्षांचं काम एका क्षणात झालं, आणि तिला फक्त एवढंच जाणवलं, की आपल्याला खूप भूक लागली आहे.

"जॅनेल!" गोठ्याकडून व्हर्नची आरोळी आली. "जॅनेल, धाव! पहिलारू गाय अडलीय! वासरू उलटं येतंय!"

तिचे पाय तिच्याही आधी उठले. दारापर्यंत गेलीसुद्धा ती... आणि थबकली. मागे वळून तिनं बहिणीकडे पाहिलं.

"तू जा."

"मी? एकटी? जॅन, मी कधी एकटीनं—"

"ऑगस्टनंतर मी इथे नसेन. जा. मागचे पाय आधी चाचपून बघ. कळ आली की ओढ, आणि कंबर सुटली की थांबू नकोस, वासरू आत गुदमरतं."

"मेलं तर?"

"तर तुझ्या हातून मेलं. जा म्हणते ना!"

केल्सी धावली. जॅनेलनं खिडकी उघडून ओरडून सांगितलं, "केल्सी येतेय, डॅड!" पलीकडून आवाज आला, "बरं! ओढायच्या साखळ्या घेऊन ये म्हणावं तिला!" जॅनेल खुर्चीत येऊन बसली. गाईचा हंबरडा तिला सुरीसारखा कापत होता. प्रत्येक हंबरड्याला तिचे हात नकळत ओढण्याची हालचाल करत होते. पण ती उठली नाही! निश्चयच करायचा तर तो उठून जाण्याचाच असतो असं नाही. कधी कधी माणसाला बसून राहण्याचा निश्चय करावा लागतो, आणि जॅनेलसारख्या बाईला तो सगळ्यात कठीण.

वीस मिनिटं गेली. दार उघडलं. केल्सी कोपरापर्यंत रक्तानं माखलेली, हसत होती की रडत होती कळायला मार्ग नव्हता.

"जिवंत आहे! जॅन, श्वास घेत नव्हतं, मी नाकात काडी घातली, आणि शिंकलं ग ते!"

तिच्यामागून व्हर्न आला. "हिनंच काढलं," तो म्हणाला. "मी नुसता शेपूट धरून उभा होतो."

मग त्यानं टोपी काढली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार वाजले होते.

"जॅनेल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ते... वेळेत दाबलंस ना?"

"दाबलं, डॅड."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. टोपी हातात फिरवत त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"बरं केलंस, पोरी. मी तेव्हाच पाठवायला हवं होतं तुला."

आणि मग आईच्या अंत्यविधीलाही ताठ उभी राहिलेली ती जॅनेल टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं, पोटभर रडली, आणि ती रडत असताना केल्सीनं हात धुऊन भांड्यातलं जेवण गरम केलं आणि नव्या ताटात तिच्यापुढे ठेवलं.